संघाला एकजीव कोण करते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशिया चषक स्पर्धेचा भारताचा मार्ग बंद झाला. चौदाव्या मिनिटाला छांगटेने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली होती. पण मध्यंतराच्या सुमारास एक आणि मध्यंतरानंतर एक असे दोन गोल सोंग उई-यंग या एकाच खेळाडूने केले. हा सोंग जन्माने दक्षिण कोरियाचा. कुमारवयात तो सिंगापूरच्या एका क्लबात दाखल झाला, तेथेच वाढला आणि २०२१ मध्ये सिंगापूरचा नागरिक झाला. म्हणजे एकशे चाळीस कोटींच्या देशाचा पराभव एका चिमुकल्या नगरराज्याने केला आणि तोही बाहेरून येऊन आपलासा झालेल्या माणसाच्या पायांनी! या पराभवानंतर देशातील फुटबॉलप्रेमींत जी चर्चा सुरू झाली, तिचा सूर ओघानेच एका प्रश्नावर येऊन ठेपला : आपणही बाहेरचे खेळाडू का आणू नयेत?

पुढच्याच महिन्यात या प्रश्नाला एक मूर्त रूप मिळाले. बंगळूरच्या क्लबकडून खेळणाऱ्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे पारपत्र घेतले. त्याची आई मुंबईची आणि आजोबा पन्नासच्या दशकात संतोष करंडक स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले. तेव्हा त्याला सर्वस्वी परका म्हणणे कठीणच. याच्या अगोदर पुण्याच्या फुटबॉल क्लबातील अराता इझुमी याने २०१२ मध्ये जपानचे नागरिकत्व सोडले होते. त्याचे वडील भारतीय, जन्म आणि जडणघडण जपानमधली. या दोघांच्या दरम्यान बारा-तेरा वर्षांचा काळ लोटला, याचे कारण कायद्यात आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि भारतीय पारपत्र असणाऱ्यासच भारताकडून खेळता येईल असे धोरण केंद्र सरकारने २००८ मध्ये ठरविले. परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना हे दार उघडावे, अशी मागणी आता जोर धरीत आहे.

या मागणीच्या दोन्ही बाजूंना जी मंडळी उभी आहेत, त्यांच्या युक्तिवादामागे एक गृहीतक समान आहे आणि ते तपासून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ‘आपलीच पोरे खेळली पाहिजेत’ असे म्हणणाऱ्यांचा समज असा की, एका मातीचे, एका राष्ट्राचे अकरा जण एकत्र आले म्हणजे त्यांच्यात जीव तोडून खेळण्याची वृत्ती आपोआप उत्पन्न होते. ‘वंश तर भारतीयच आहे ना’ असे म्हणणारेही वेगळ्या वाटेने त्याच समजाशी येऊन पोहोचतात. फक्त मातीच्या ऐवजी ते रक्ताची साक्ष काढतात. संघाला एकजीव करणारी शक्ती राष्ट्रीयत्वात आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

समान ओळख म्हणजे समान वागणूक नव्हे, याचा दाखला हवा असेल तर फुटबॉलच्या मैदानावर जाण्याचीही गरज नाही. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन या गावी अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्रसिद्ध मंदिर आहे. दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन्ही पंथ एकाच धर्माचे, तीर्थंकर एकच, मूर्तीही एकच. तरीही पूजेचा विधी आणि मंदिराची व्यवस्था यांवरून दोन्ही पंथांत जो वाद निर्माण झाला, तो शंभराहून अधिक वर्षे चालला. १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेण्याची व्यवस्था झाली. पुढे प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९२९ मध्ये त्याचा निकाल लागला. तरीही १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले ते लागलेच. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ मधील आदेशानंतर, बेचाळीस वर्षांनी, ते निघाले; आणि कुलूप निघाले म्हणून मनांतील किल्मिष निघाले असेही झाले नाही. येथे कोणा एका पंथाची बाजू घेण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट इतकीच की, या गावात जेव्हा केव्हा शांततेने पूजा झाली, तेव्हा ती समान श्रद्धेमुळे झाली नाही. कोणी कोणत्या वेळी गाभाऱ्यात जायचे हे वेळापत्रक दोघांनी पाळले म्हणून झाली.

क्रीडाक्षेत्रातही महाराष्ट्राला हा अनुभव जुना आहे. मुंबईच्या चौरंगी आणि पुढे पंचरंगी क्रिकेट सामन्यांत संघ धर्मावर उभे केलेले असत. हिंदू संघात सगळे हिंदू. यापेक्षा अधिक समानता ती कोणती? पण त्याच संघातील सर्वांत थोर गोलंदाज पळवणकर बाळू याला पुण्यात चहा मिळे तो मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात. त्याला कर्णधारपद कधीही दिले गेले नाही. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला तेव्हा त्याच हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. संघ तोच, धर्म तोच. संघातल्या माणसाला माणूस म्हणून जागा मिळाली, एवढाच काय तो फरक. बाळू-विठ्ठलांची कथा सामाजिक न्यायाची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण संघ कसा बांधावा याचाही तो एक धडा आहे, तिकडे मात्र दुर्लक्ष होते.

युरोपातील दाखले दोन्ही बाजूंनी दिले जातात. १९६७ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने लिस्बन येथे युरोपियन चषक जिंकला, तेव्हा त्या संघातील प्रत्येक खेळाडू क्लबच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेला होता. बिल्बाओचा अॅथलेटिक क्लब आजही बास्क प्रदेशात जन्मलेल्या किंवा तेथे घडलेल्या खेळाडूंनाच घेतो, आणि तरीही स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून तो एकदाही खाली घसरलेला नाही. २०२४ मध्ये त्याने राजाचा चषकही पटकावला. हे ऐकून स्वदेशीचे पुरस्कर्ते आनंदतात. पण २०१० मध्ये माद्रिद येथे इंटर मिलानने युरोपचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या अकरांत एकही इटालियन नव्हता! चार अर्जेंटिनाचे, तीन ब्राझीलचे आणि एकेक रुमानिया, हॉलंड, कॅमेरून व मॅसिडोनियाचा. डिसेंबर १९९५ मध्ये बोसमन खटल्याचा निकाल लागून युरोपीय संघराष्ट्रांतील खेळाडूंवरच्या मर्यादा उठल्या, त्यानंतरच्या जगातील ही गोष्ट आहे. सेल्टिकचा विजय जेवढा खरा, तेवढाच इंटरचा. आणि दोन उलट उदाहरणे समोरासमोर ठेवून काहीच सिद्ध होत नाही. मात्र त्या इंटरच्या अकरांत सात जण दक्षिण अमेरिकेचे होते, आणि झानेत्ती, कांबियासो, सॅम्युएल ही अर्जेंटिनाची मंडळी क्लबात वर्षानुवर्षे एकत्र खेळत होती. क्लब इटलीचा असला तरी तो कणा लादलेला नव्हता, मुरलेला होता.

आपल्या घराजवळचा दाखला पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. गोव्याच्या धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा जिंकले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये या पराक्रमाला तोड नाही. पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा हा संघाचा कणा गोव्याच्याच गावांतून आलेला. हे खेळाडू एकमेकांना कोकणीतून हाका मारीत. बचावफळीत भाषेचे महत्त्व फार मोठे असते. पाठीमागून कोणी धावत येतो आहे, पुढे सरक, मागे हट, हे सांगायला निमिषापेक्षा अधिक वेळ मिळत नाही. आणि त्या निमिषात मनातल्या मनात भाषांतर करीत बसणाऱ्याच्या डोक्यावरून चेंडू निघून जातो. एकदेशीयत्वाचा खेळात जर काही निखळ फायदा असेल तर तो हा आहे, भावनेचा नाही.

पण याच धेंपोचे गोल कोण करीत होते? नायजेरियाचा रांती मार्टिन्स, आणि त्याच्या जोडीला ब्राझीलचा बेटो. रांती एका हंगामापुरता आलेला पाहुणा नव्हता. तो वर्षानुवर्षे गोव्यात राहिला, त्याच सहकाऱ्यांबरोबर खेळला, आणि समीर नाईकने उजवीकडून चेंडू उचलला की तो कोठे पडेल हे त्याला न पाहता कळू लागले. त्याच्या आधीचा प्रसंग तर अधिक बोलका आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनिअर या ब्राझिलियन आघाडीवीराने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले, आणि दुसरा गोल करतानाच झालेल्या टकरीनंतर मैदानावर त्याचा अंत झाला. चषक धेंपोने जिंकला. क्लबने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा पुन्हा कोणाला दिला नाही. या ब्राझिलियन तरुणासाठी गोव्याने जे अश्रू ढाळले, ते पारपत्र पाहून ढाळले नव्हते.

मुंबईचा अनुभवही याच दिशेचा आहे. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटी क्लबने इंडियन सुपर लीगमधील साखळीचे अग्रस्थान आणि अजिंक्यपद ही दोन्ही एकाच हंगामात मिळविली. संघातील फॉल सेनेगलचा, जाहू मोरोक्कोचा, बुमूस फ्रान्समध्ये वाढलेला, मंदारराव देसाई गोव्याचा, प्रशिक्षक लोबेरा स्पेनचा. बाजारातून पैशाने जमविलेला मेळावा, अशी त्याची संभावना झाली होती. पण हे सर्व जण त्याच्या आधीची काही वर्षे एफसी गोवा या क्लबात एकत्र होते! मुंबईने खेळाडू विकत घेतले नाहीत. त्यांनी तयार झालेला सहवास विकत घेतला. आणि फातोर्ड्यावरील अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला विजयी गोल मारला तो मणिपूरच्या विपिन सिंगने.

उलट दिशेचे उदाहरण म्हणून ऐझॉलच्या क्लबकडे बोट दाखविले जाते. मिझोरामच्या या छोट्या क्लबने २०१७ मध्ये आय-लीगचे अजिंक्यपद मिळवून बड्यांना चकित केले. संघ बव्हंशी मिझो तरुणांचा, हे खरेच. पण सिरियाचा अल-अमना आणि लायबेरियाचा जार्यान हे त्या संघाच्या मध्यफळीचे आधारस्तंभ होते, मुंबईचा जयेश राणे त्यात होता, आणि प्रशिक्षक होता तोही मुंबईच्या मैदानांवर घडलेला खालिद जमील. आज राष्ट्रीय संघाची धुरा त्याच्याकडेच आहे.

कोल्हापूरची गोष्ट निराळी आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल यांचे सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ठाऊक आहे की तेथे पेठेचे निशाण राष्ट्रध्वजाच्याच निष्ठेने फडकते. गेल्या दशकात त्यांतील काही संघांनी आफ्रिकेतील खेळाडू आणले. प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले आणि त्याच वेळी पेठेतल्या पोरांची जागा जाते म्हणून कुरकुरही केली. या कुरकुरीला संकुचितपणा म्हणून झिडकारणे सोपे आहे. पण तिच्यात एक न्याय्य प्रश्न दडलेला आहे. हंगाम संपला की पाहुणा निघून जातो. त्याच्यामुळे पेठेचा संघ चषक जिंकतो, पण पेठेचा मुलगा पुढे सरकतो काय? कोल्हापूरने अनिकेत जाधवसारखा खेळाडू दिला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे जाऊन २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या भारतीय संघाचेही येथे स्मरण करणे आवश्यक आहे. एकवीस जणांत आठ जण एकट्या मणिपूरचे होते, संघ दीर्घकाळ एकत्र सराव करून आला होता, आणि मायदेशी खेळत होता. तरीही तीनही सामने तो हरला. सहवासाला मोल आहे, पण लहानपणापासून चेंडूवर जी हुकमत मिळवावी लागते तिची जागा सहवास भरून काढू शकत नाही.

क्लबचा संघ कोणत्या देशाच्या माणसांचा आहे, याने त्या क्लबच्या यशापयशात फारसा फरक पडत नाही, असेच या सर्वांवरून दिसते. फरक पडतो तो राष्ट्रीय संघाला, आणि तोही आडवाटेने. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू प्रत्येक वेळी परदेशी होता. हा योगायोग नव्हे. क्लबचा मालक पैसा खर्च करतो तो गोल करणाऱ्यावर आणि गोल वाचविणाऱ्यावर. म्हणून आघाडीची आणि मधल्या बचावाची जागा परदेशी खेळाडूकडे जाते आणि भारतीय तरुण कडेला, पंखांवर ढकलला जातो. मैदानावरील परदेशी खेळाडूंची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करीत २०२१-२२ पासून चारवर आणली गेली, पण त्या चार जागा कोणत्या, याचे उत्तर बदलले नाही. परिणाम असा की, निवृत्ती जाहीर केलेल्या सुनील छेत्रीला वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये, राष्ट्रीय संघात परत बोलवावे लागले; आणि त्या हंगामात लीगमधील भारतीयांत सर्वाधिक गोल त्याचेच होते! ज्या लीगचा कारभारच २०२५ च्या अखेरीस व्यापारी करार संपल्याने अधांतरी लोंबकळला, तिच्याकडून या प्रश्नाच्या विचाराची अपेक्षा करणे कदाचित अतिरेकाचे ठरेल.

मग वंशाने भारतीय असलेल्यांना बोलावून हे दुखणे बरे होईल काय? शेजाऱ्यांचे अनुभव संमिश्र आहेत. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठली, तेव्हा त्यांच्या सव्वीस खेळाडूंपैकी चौदा जण देशाबाहेर जन्मलेले होते. पण त्यांच्यामागे मोरोक्कोतील स्वतःची प्रशिक्षण व्यवस्था आणि मायभूमीशी असलेला घरगुती संबंध, दोन्ही होते. इंडोनेशियाने हॉलंडमध्ये जन्मलेल्या खेळाडूंची मोठी फळी उभी केली; आशियात त्यांची पत वाढली, परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरेबिया आणि इराक यांच्याकडून हरून २०२६ च्या विश्वचषकाचे स्वप्न भंगले. मलेशियाने तर हद्दच केली. सात खेळाडूंच्या आजी-आजोबांच्या जन्माची कागदपत्रे खोटी असल्याच्या कारणावरून जागतिक फुटबॉल संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्यावर कारवाई केली. पूर्वज शोधण्याच्या घाईत पूर्वज बनविण्यापर्यंत मजल जाते, ती अशी. आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशने बावीस वर्षांनी भारताला हरविले, तेव्हा त्यांच्या संघात इंग्लंडमध्ये जन्मलेला हमझा चौधरी होता खरा. पण सामन्यातला एकमेव गोल केला तो बांगलादेशातच वाढलेल्या मोरसालिनने. हमझाने आणलेली शिस्त आणि मोरसालिनची धाव, यांतील कोणते श्रेय किती हे तराजूत घालता येणार नाही. एवढे मात्र निश्चित की, मोरसालिन नसता तर हमझा एकटा पुरला नसता.

विल्यम्ससारख्या खेळाडूला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. त्याने आपले पहिले नागरिकत्व सोडले आहे, भारतात राहून खेळतो आहे, सहकाऱ्यांच्या सवयी जाणतो आहे. सोंग ज्या अर्थाने सिंगापूरचा झाला, त्याच अर्थाने तोही भारताचा होऊ शकेल. पण कायदा बदलून दहा-पाच परदेशस्थ तरुण सामन्यापुरते विमानाने उतरविले, तर तो संघ कागदावर भारतीय वंशाचा असेल आणि मैदानावर एकमेकांना अनोळखी.

येथे युरोपने शोधलेला एक उपाय विचारात घेण्याजोगा आहे. परदेशी खेळाडूंवर बंदी घालता येत नाही म्हटल्यावर तेथील फुटबॉल संघटनेने २००६ पासून असा नियम केला की, क्लबच्या यादीत काही खेळाडू असे असलेच पाहिजेत की ज्यांनी पंधरा ते एकवीस या वयातील निदान तीन वर्षे त्या क्लबात किंवा त्या देशातील क्लबांत प्रशिक्षण घेतले आहे. त्यांचे राष्ट्रीयत्व कोणते, हे विचारलेच जात नाही. पंचवीस जणांत आज असे आठ जण लागतात. पारपत्र मोजण्याऐवजी जडणघडण मोजणारा हा नियम आहे, आणि म्हणूनच तो क्लबला खेड्यापाड्यांकडे पाहायला भाग पाडतो. आपल्याकडे तो आला, आणि देशाऐवजी राज्य हा घटक धरला, तर मुंबईच्या किंवा पुण्याच्या धनाढ्य क्लबला आपले आठ जण पंधराव्या वर्षापासून महाराष्ट्रातच घडवावे लागतील.

आणि तेव्हा मग त्यांना कोल्हापूर व नागपूर-कामठी यांच्या पलीकडे जावेच लागेल. सप्टेंबर २०१७ मध्ये, त्या विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळण्याचा उपक्रम राबविला आणि त्यासाठी शाळाशाळांना चेंडू वाटले. तो दिवस साजरा झाला, छायाचित्रे निघाली. परंतु वाशीमसारख्या जिल्ह्यातील मुलगा शाळेच्या पटांगणावर चांगला खेळतो असे गुरुजींच्या लक्षात आले, तर त्याने पुढे कोठे जावे याची वाट त्या उपक्रमाने आखून दिली नाही. शिरपूर जैनच्या एखाद्या पोराला पुण्याच्या प्रबोधिनीचे दार ठोठवायचे तर साडेचारशे किलोमीटर जावे लागते, आणि तेही तेराव्या-चौदाव्या वर्षी, कारण सोळाव्या वर्षी फार उशीर झालेला असतो. एका जिल्ह्याला एक प्रशिक्षक आणि वर्षभर चालणारी शालेय साखळी स्पर्धा, याचा खर्च एखाद्या परदेशी आघाडीवीराच्या एका हंगामाच्या मानधनाशी ताडून पाहावा. तो हिशेब क्लबांच्या मालकांनाही अवघड जाऊ नये आणि क्रीडा खात्यालाही.